डब्यावरचे नाव आणि वहीतली तारीख

आमच्या घरात इंजिनांची एक वही आहे. वडिलांनी स्कूटर घेतली तेव्हा त्यांनी ती सुरू केली, पुढे ती माझ्याकडे आली. तारीख, किलोमीटर, ऑइलचा ग्रेड, जुने किती निघाले, नवे किती ओतले, एवढ्याच तिच्यात नोंदी. आज त्या वहीत चार इंजिने आहेत: पेट्रोल मोटार, मोटरसायकल, दापोलीच्या घरचा जनरेटर आणि आंबा-काजूच्या बागेतला ग्रासकटर. मोटारीत गेली बारा वर्षे आणि मोटरसायकलमध्ये नऊ वर्षे सिंथेटिक ऑइल आहे. जनरेटरमध्ये ते निसर्ग चक्रीवादळानंतर आले. या काळात ओळखीच्यांनी मला एक प्रश्न सतत विचारला: दुप्पट-तिप्पट पैसे मोजून महागाचे ऑइल टाकायचे, त्याचा खरोखर फायदा होतो का?

होतो. पण तो कुठे होतो, किती होतो आणि कोणत्या अटीवर होतो, हे समजून न घेता डबा विकत घेतला तर पैसे वाया जातात, आणि कधीकधी इंजिनही.

केसाहून पातळ थर

इंजिन मिनिटाला ३००० फेऱ्या घेत असते तेव्हा त्यातला प्रत्येक पिस्टन सेकंदाला ५० वेळा खाली-वर होतो. क्रँक आणि त्याचे बेअरिंग यांच्यामध्ये त्या वेळी तेलाचा अवघा काही मायक्रॉन जाडीचा थर असतो. माणसाचा केस साधारण ७० मायक्रॉन जाड असतो, यावरून त्या थराची कल्पना यावी. हा थर आहे तोवर धातूला धातू लागत नाही. तो तुटला की बेअरिंग घासते, रिंगा घासतात, गाडी धूर मारू लागते आणि शेवटी इंजिन खोलावे लागते. थर राखणे हे तेलाचे पहिले काम. त्याशिवाय पिस्टनची उष्णता खाली आणणे, काजळी आणि धातूचा चुरा स्वतःत धरून ठेवणे, रिंगांच्या फटी बंद करणे आणि इंधन जळताना तयार होणारे आम्ल मारणे, ही कामेही तेच करते.

अडचण अशी की तापले की तेल पातळ होते. १५डब्ल्यू-४० जातीचे नेहमीचे तेल ४० अंशांना जितके दाट असते, त्याच्या साधारण एक सप्तमांश दाटपणा १०० अंशांना उरतो. या दाटपणाला शास्त्रात श्यानता म्हणतात. डब्यावरचे दोन आकडे तिचेच असतात. 'डब्ल्यू' म्हणजे विंटर, हिवाळा. त्याच्या आधीचा आकडा तेल थंडीत किती सहज हलते ते सांगतो, नंतरचा आकडा १०० अंशांना ते किती दाट राहते ते सांगतो. पहिला आकडा जितका लहान, तितके तेल थंड इंजिनात लवकर वर चढते.

आपल्याकडे बर्फ पडत नाही, मग पहिल्या आकड्याशी आपल्याला काय करायचे, असे अनेकांना वाटते. मलाही वाटायचे. पण चालू इंजिनातले तेल शंभर अंशांच्या आसपास असते. त्या हिशेबाने दापोलीची मे महिन्यातली सकाळसुद्धा इंजिनासाठी थंडच. रात्रभर गाडी उभी राहिली की तेल चेंबरमध्ये उतरते. सकाळी किल्ली फिरवल्यापासून ते पुन्हा व्हॉल्व्हपर्यंत पोचेपर्यंतचे काही क्षण वरचे भाग जुन्या ओलाव्यावर चालतात. हे क्षण कमी करणे, हा चांगल्या सिंथेटिक तेलाचा रोजचा आणि डोळ्यांना न दिसणारा फायदा आहे.

नदीची खडी आणि बेअरिंगचे छर्रे

मिनरल ऑइल जमिनीतून काढलेल्या कच्च्या तेलापासून बनते. ते कितीही शुद्ध केले तरी त्यात लहान-मोठे, वेगवेगळ्या ठेवणीचे रेणू राहतात, थोडे मेण राहते, थोडे गंधक राहते. नदीतली खडी चाळून घेतली तरी प्रत्येक गोटा वेगळाच असतो, तसे हे. तापलेल्या इंजिनात त्यातले हलके रेणू आधी उडून जातात आणि मागे दाट, चिकट भाग उरतो. थंडीत मेण गोठू लागते.

अस्सल सिंथेटिक तेलाचे रेणू कारखान्यात घडवतात. इथिलीन वायूपासून डिसीन नावाचे संयुग करतात आणि त्याचे तीन-चार तुकडे एकमेकांना जोडतात. त्याला पॉलिअल्फाओलेफिन म्हणतात, व्यवहारात पीएओ. बेअरिंगमधल्या छर्‍यांसारखे हे रेणू जवळजवळ एका मापाचे असतात. त्यात मेण नसते, उडून जाणारा भाग कमी असतो आणि उष्णतेने दाटपणा कमी-जास्त होण्याचे प्रमाणही कमी असते. त्यामुळे थंडीत पातळ आणि गरमीत दाट राहण्यासाठी मिनरल ऑइलमध्ये जी पॉलिमरची भर मुबलक घालावी लागते, ती इथे थोडी घातली तरी चालते.

ही विद्या गरजेतून वाढली. दुसऱ्या महायुद्धात जर्मनीला कच्च्या तेलाची टंचाई होती आणि रशियाच्या थंडीत साधे तेल गोठत होते, म्हणून तिथल्या रसायनशास्त्रज्ञांनी कृत्रिम वंगणे बनवली. पुढे जेट विमाने आली. त्यांच्या इंजिनांची उष्णता मिनरल ऑइलला सोसवत नव्हती, तिथे एस्टर जातीची कृत्रिम तेले वापरात आली. अमेरिकेच्या एअर नॅशनल गार्डमध्ये लढाऊ विमानांच्या तुकडीचे नेतृत्व केलेले अल्बर्ट अमाटुझिओ यांनी हेच ज्ञान मोटारीकडे वळवले. १९७२ मध्ये त्यांच्या ॲम्सऑइल कंपनीचे तेल अमेरिकन पेट्रोलियम इन्स्टिट्यूटच्या मोटार-तेलाच्या कसोटीला उतरलेले पहिले सिंथेटिक तेल ठरले. हे तेल २५,००० मैल, म्हणजे ४०,००० किलोमीटर किंवा एक वर्ष चालेल, असे ती कंपनी सांगत असे. १९७४ मध्ये 'मोबिल १' अमेरिकेच्या बाजारात आले आणि सिंथेटिक हा शब्द घरोघर पोचला.

मात्र आज डब्यावर 'फुल्ली सिंथेटिक' लिहिलेले प्रत्येक तेल पीएओ असतेच असे नाही. कच्च्या तेलातल्या भागावर हायड्रोजनची तीव्र प्रक्रिया करून त्याचे रेणू इतके बदलता येतात की ते गुणांनी पीएओच्या बरेच जवळ जाते. तेलाच्या वर्गीकरणात याला ग्रुप थ्री म्हणतात, पीएओ हा ग्रुप फोर. कॅस्ट्रॉलने अशा तेलाला सिंथेटिक म्हटले म्हणून मोबिलने तक्रार केली. जाहिरातींचे वाद ऐकणाऱ्या अमेरिकन संस्थेने १९९९ मध्ये कॅस्ट्रॉलच्या बाजूने निर्णय दिला. तेव्हापासून हा शब्द बाजारात सैल झाला. ग्रुप थ्रीचे तेल वाईट नाही, आज बहुतेक चांगल्या गाड्या त्यावरच उत्तम चालतात. पण 'सिंथेटिक' एवढ्या एका शब्दाला भुलू नये. डब्याच्या मागचा ग्रेड आणि एपीआय, जासो किंवा एसीईए या मानकांची खूण पाहावी.

तेल थकते कशाने

माझ्या वहीने मला शिकवलेली सर्वांत मोठी गोष्ट इथे येते. सिंथेटिक मूळ तेल सहसा सडत नाही, पण ते मळते. आम्ल मारण्यासाठी तेलात क्षारधर्मी रसायने घातलेली असतात, ती आम्ल मारत मारत संपतात. झीज रोखणारे जस्त-फॉस्फरसचे संयुग संपते. काजळी साठते. इंजिन पुरते तापण्याआधीच बंद केले तर पेट्रोल आणि पाण्याचा अंश तेलात उतरतो आणि तिथेच राहतो. हे सगळे मिनरल ऑइलमध्ये होते तसेच महागड्या तेलातही होते.

म्हणूनच रोज तीन किलोमीटर बाजारात जाऊन येणारी गाडी आणि दापोलीहून माणगाव, ताम्हिणीमार्गे पुण्याला जाणारी गाडी यांच्या तेलाचे आयुष्य सारखे नसते. लांबच्या प्रवासात इंजिन नीट तापते आणि पाणी-पेट्रोल उडून जाते. गल्लीतल्या फेऱ्यांत ते साचत जाते. २०२० च्या टाळेबंदीत माझी मोटार वर्षभरात जेमतेम अडीच हजार किलोमीटर चालली. तरीही मी तारखेला तेल बदलले, कारण उत्पादकाची अट १०,००० किलोमीटर किंवा एक वर्ष, यांपैकी जे आधी येईल ते, अशी होती. त्या अटीतला 'वर्ष' हा शब्द अशाच गाड्यांसाठी लिहिलेला असतो.

याची दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. अमेरिकेतल्या 'कन्झ्युमर रिपोर्ट्स' या ग्राहक-मासिकाने १९९६ मध्ये एक मोठी चाचणी प्रसिद्ध केली. न्यूयॉर्कच्या ७५ टॅक्सींमध्ये नव्याने बांधलेली इंजिने बसवून प्रत्येक गाडी ६०,००० मैल, म्हणजे सुमारे ९६,००० किलोमीटर चालवली. मग इंजिने खोलून भागांची मापे घेतली. वेगवेगळ्या कंपन्यांच्या तेलांत झिजेचा लक्षात घेण्याजोगा फरक सापडला नाही. ३००० मैलांना तेल बदलले काय आणि ६००० मैलांना बदलले काय, त्यातही फरक दिसला नाही.

या निकालावरून महागडे तेल निरुपयोगी ठरते असे मला वाटत नाही. टॅक्सी दिवसभर चालते, तिचे इंजिन क्वचितच गार होते. थंड सुरुवात, महिनाभर उभी गाडी, टर्बोची उष्णता या सिंथेटिकच्या बलस्थानांची परीक्षा त्या चाचणीत फारशी झाली नाही. पण एक गोष्ट तिने पक्की केली: योग्य ग्रेडचे, खुणेचे, वेळेवर बदललेले साधे तेलही इंजिनाला लांब नेते. तेलाची जात ही त्यानंतरची गोष्ट आहे.

मोटार आणि मोटरसायकल

माझ्या मोटारीला टर्बो नाही, त्यामुळे सिंथेटिकचा फरक मला सकाळच्या सुरुवातीत आणि ऑइल खाण्याच्या प्रमाणात दिसला. दोन बदलांमध्ये ऑइल किती कमी होते, हे मी निघालेले तेल मोजून लिहितो. सिंथेटिकवर आल्यापासून ही घट कमी झाली आणि बारा वर्षांत वाढलेली नाही. टर्बोच्या गाडीत मात्र सिंथेटिकला पर्याय नाही, असे मी ठामपणे सांगेन. टर्बोची दांडी मिनिटाला लाखाहून अधिक फेऱ्या घेते आणि तेलाच्याच थरावर तरंगते. घाट चढून आल्या आल्या इंजिन बंद केले की तिथले तेल जागीच उकळून त्याचा कोळसा होऊ लागतो. सिंथेटिक ही उष्णता जास्त सोसते. तरीही घाटमाथ्यावर थांबल्यावर इंजिन मिनिटभर सावकाश चालू ठेवावे.

बीएस-सिक्स डिझेल गाड्यांत आणखी एक नियम आहे. १ एप्रिल २०२० पासून देशभर लागू झालेल्या या मानकामुळे त्यांच्या धुराड्यात काजळी पकडणारी जाळी आली. तेल जळून होणारी राख या जाळीत अडकते आणि काजळीसारखी ती जाळून टाकता येत नाही. म्हणून या गाड्यांना कमी राखेचेच तेल लागते. जाळी साफ होताना थोडे डिझेल तेलात उतरते आणि तेल मोजायच्या पट्टीवरची पातळी वाढते. पातळी वरच्या खुणेच्याही वर गेली, तर तेही धोक्याचे लक्षण समजावे.

मोटरसायकलची गोष्ट निराळी. तिथे एकच तेल इंजिन, क्लच आणि गिअर तिघांना सांभाळते. गिअरचे दात तेलातल्या पॉलिमरच्या साखळ्या तोडतात, तेल पातळ होते आणि गिअर अडकत पडू लागतात. मिनरल ऑइलवर असताना हा अडखळा मला दोन हजार किलोमीटरच्या आसपास जाणवायचा. सिंथेटिकवर तो बराच उशिरा येतो. नऊ वर्षांतला हा सर्वांत स्पष्ट फरक आहे. पण दुचाकीत मोटारीचे तेल ओतू नये. मोटारीच्या हलक्या ग्रेडच्या तेलांत इंधन वाचवण्यासाठी घर्षण कमी करणारी द्रव्ये असतात आणि त्यांनी तेलात बुडालेल्या क्लच प्लेटा घसरू शकतात. जपानी जासो मानकातली एमए किंवा एमए-२ ही खूण गिअरच्या दुचाकीसाठी, तर एमबी ही ऑटोमॅटिक स्कूटरसाठी असते. ही दोन अक्षरे 'सिंथेटिक' या शब्दापेक्षा महत्त्वाची आहेत.

छोटे इंजिन, मोठी परीक्षा

३ जून २०२० रोजी निसर्ग वादळ आले आणि दापोली-मंडणगडची वीज कित्येक दिवस गेली. विहिरीवरचा पंप आणि घरातला फ्रिज जनरेटरवर चालवावा लागला. रोज पाच-सहा तास तो धडधडत होता. तिसऱ्या आठवड्यात तो आपोआप बंद पडला. मेस्त्रींना फोन केला तर त्यांनी पहिलाच प्रश्न विचारला, "भाऊ, पट्टी बघितलीत का?" पट्टी कोरडी होती. तेल कमी झाल्यावर इंजिन बंद करणारा सेन्सर होता, म्हणून ते वाचले. मी वहीत शेवटची नोंद पाहिली. वर्षातून एकदा तेल बदलायचे, एवढेच मी धरून चाललो होतो. पण वर्षभराचे काम त्या इंजिनाने तीन आठवड्यांत केले होते.

छोट्या इंजिनाचे आयुष्य तासांत मोजायचे असते. होंडाच्या जीएक्स मालिकेतल्या लहान इंजिनांना पहिले तेल २० तासांनी किंवा महिन्याने आणि पुढे दर १०० तासांनी किंवा सहा महिन्यांनी बदलायला सांगतात. ताशी ५० किलोमीटर धरले तर १०० तास म्हणजे पाच हजार किलोमीटर. आणि तेल किती? जीएक्स-१६० मध्ये सुमारे ०.६ लिटर. मोटारीत तीन-चार लिटर तेल असते, त्याला फिल्टर असतो आणि इंजिनाभोवती पाणी खेळते. या इंजिनात पंप नसतो. खाली फिरणारी पळी तेल उडवते आणि ते जिथे पोचेल तिथे वंगण होते. फिल्टर नसतो, थंडावा फक्त वाऱ्याचा. त्यामुळे तेल जास्त तापते आणि धातूचा चुरा तेलातच फिरत राहतो.

यावरून दोन निष्कर्ष निघतात. पहिला असा की सिंथेटिकचा फायदा मोटारीपेक्षा अशा इंजिनाला जास्त होतो, कारण उष्णतेने उडून जाणे आणि पातळ होणे हेच याचे खरे दुखणे आहे. ब्रिग्ज अँड स्ट्रॅटन ही अमेरिकन कंपनी आपल्या वाऱ्यावर थंड होणाऱ्या इंजिनांबद्दल सांगते की २७ अंशांच्या वरच्या हवेत साधे १०डब्ल्यू-३० वापरले तर तेल खाण्याचे प्रमाण वाढू शकते. कोकणात वर्षातले बहुतेक दिवस त्या आकड्याच्या वरचे असतात. दुसरा निष्कर्ष असा की सिंथेटिक टाकले म्हणून बदलायची मुदत वाढवायची नाही. तीच कंपनी हेही स्पष्ट सांगते. फिल्टर नसलेल्या इंजिनात चुरा बाहेर काढायचा एकच मार्ग असतो: तेल गरम असताना ड्रेन बोल्ट उघडणे. आमचा जनरेटर त्या पावसाळ्यानंतर सिंथेटिकवर आला, पण तास मोजूनच त्याचे तेल बदलते. चालवण्याआधी दर वेळी मी पट्टी पाहतो.

टू-स्ट्रोक ग्रासकटरमध्ये तेल पेट्रोलमध्येच मिसळून जळते. तिथे चांगल्या सिंथेटिक टू-टी तेलाने धूर कमी होतो आणि सायलेन्सरच्या तोंडाशी कार्बन कमी साचतो. जासोच्या एफबी, एफसी, एफडी या प्रतींत एफडी सर्वांत वरची. प्रमाण मात्र यंत्राच्या पुस्तकात असेल तेच ठेवावे. १:५० म्हणजे लिटरला २० मिलिलिटर, १:२५ म्हणजे ४०. तेल महाग म्हणून कमी घालणे किंवा घरात उरलेले मोटारीचे तेल मिसळणे, या दोन्ही गोष्टी पिस्टन खराब करतात. गवत कापणीच्या ऐन हंगामात तो खर्च शेतकऱ्याला फार जड जातो.

कुठे खर्च करू नये

जुने इंजिन गळत असेल, धूर मारत असेल, तर सिंथेटिक तेल त्यावर औषध नाही. रिंगा झिजलेल्या इंजिनात ते साध्या तेलासारखेच जळते, फक्त जास्त पैशांनी. जिथे पुस्तकात २०डब्ल्यू-४० सांगितले आहे तिथे आधुनिक म्हणून ०डब्ल्यू-२० ओतू नये. तेल काळे झाले म्हणून घाबरू नये. डिझेल गाडीत ते काही दिवसांतच काळे होते, कारण ते काजळी धरून ठेवण्याचे आपले काम करत असते. तेल ओळखीच्या दुकानातूनच घ्यावे आणि रिकामा डबा भोक पाडून टाकावा, म्हणजे त्यात बनावट तेल भरून पुन्हा विकता येणार नाही.

आणि जे काळे तेल निघते, ते गटारात किंवा बागेच्या कडेला ओतू नये. आपल्याकडे जळके ऑइल वाळवी लागू नये म्हणून लाकडाला फासतात, सेंट्रिंगच्या फळ्यांना लावतात. त्यात जड धातू असतात आणि ते शेवटी मातीतून विहिरीत उतरतात. कायद्याने हे तेल घातक कचऱ्यात मोडते आणि अधिकृत पुनर्प्रक्रिया करणाऱ्याकडेच जायला हवे. ते कॅनमध्ये साठवून मोठ्या वर्कशॉपला द्यावे. त्यातून पुन्हा वंगण तयार करता येते.

सिंथेटिक तेल इंजिनाला उष्णतेत आणि थंड सुरुवातीत जास्त सवड देते. ती सवड खरी आहे आणि माझ्या चारही इंजिनांना तिचा उपयोग झाला आहे. पण ती सवड मुदत चुकवण्यासाठी नाही. येत्या रविवारी गाडी सपाट जागी उभी करा, इंजिन बंद करून थोडा वेळ थांबा, पट्टी काढून पुसा, पुन्हा घाला आणि पातळी पाहा. मग एका वहीत तारीख, किलोमीटर आणि ग्रेड लिहा. घरी जनरेटर किंवा ग्रासकटर असेल, तर त्यांचे तासही त्याच वहीत मांडा.